बांधावर पाऊल टाकण्याआधी

हौगांग, सिंगापूर
३ ऑगस्ट २०१७

श्री. चंद्रशेखर यांस,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. एका बांधाला लागून राहून आठ वर्षांत ज्या माणसानं मला 'जेवलास का' एवढं विचारलं नाही, त्याचं जाडजूड पाकीट थेट सिंगापुरात आलेलं बघून मी मटकन खाली बसलो. म्हटलं, गावात कोण गेलं? सूनबाई अनघा पाण्याचा ग्लास घेऊन धावली. आणि वाचतो तर काय, कातळाच्या सड्याखालच्या माझ्या मळ्यात शिकार करायला आपल्याला परवानगी पाहिजे!

अरे, तुला लाज कशी वाटली नाही? हे बघ, 'आपलं' आणि 'यांस' इथवर निभावलं, पुढे नाही निभत. तू माझ्या सख्ख्या काकाचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, तुला डोहात पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलंय मी. तुला काय अहो-जाहो करू!

तर तुझं म्हणणं असं की मी इकडे आल्यापासून माझा मळा रिकामा पडला, रान माजलं, त्यात रानडुकरांनी बिऱ्हाड थाटलं, आणि ती माझ्याकडे झोपतात नि तुझ्याकडे जेवतात. सरकार आता पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांसाठी परवाना देतं, पण ज्याच्या जमिनीत शिरायचं त्या मालकाचा होकार लागतो. दोन बंदूकवाले, तेही परवान्याचे. वाडीतली माणसं हाकारे घालून रान उठवणार. पाणंदीच्या तोंडाशी एक पिंजरा. फासकी लावणार नाही, कारण तारेच्या फासात बिबट्या अडकतो, हे तू शपथेवर लिहिलंयस. छान. सगळं रीतसर.

मग आठ वर्षांपूर्वी रीत कुठे चरायला गेली होती? मी राजापूरच्या एसटी डेपोत ड्युटीवर, माइकवर रत्नागिरी गाडी लावतोय, आणि इकडे तुमची टोळी न विचारता माझ्या मळ्यात! डुक्कर पडलं माझ्या फणसाखाली. जमीनमालकाचा वाटा दारात पोचवायचा ही आपल्या वाडीची बापजाद्यांची चाल. वाटा कधी आला? दुसऱ्या दिवशी दुपारी! अरे, मला मटणाची हाव नव्हती. विचारलं नाहीस, एवढंच म्हणणं होतं. त्यावर तू चारचौघांत म्हणालास, "दादा, एवढा कसला रे तुझा मळा!"

म्हणून तर तुला आईनाच्या झाडाखाली राखणदारापुढे, आपल्या रानाच्या देवापुढे उभा केला, नारळ हातात दिला, आणि वदवून घेतलं, "पद्माकरदादाला विचारल्याशिवाय त्याच्या बांधावर पाऊल टाकणार नाही." आता विचारतोयस, बरं वाटलं. पण उत्तर नाही असं आहे.

रुचिर जेवायला बसला होता. त्याला पत्र वाचून दाखवलं तर त्यानं चमचाच खाली ठेवला. "देऊन टाका ना बाबा परवानगी. काय फरक पडतो?" मला धक्काच बसला. फरक पडत नाही? चंदू, इथे माझं काय आहे सांगतो. दाराची किल्ली अनघाची, टीव्ही गार्गीचा, आणि माझ्या पासवर लिहिलंय की हा माणूस भेटीला आलाय. या सगळ्या पृथ्वीवर माझ्या नावाचा एक मळाच तेवढा आहे. तिथे कोण शिरेल ते मी ठरवणार.

स्मिताला आशीर्वाद. तिच्याशी माझं भांडण नाही.

पद्माकर

हौगांग
२८ ऑगस्ट २०१७

चंद्रशेखर,

तू पाठवलेला फोटो मिळाला. स्मिताच्या भाच्यानं रुचिरच्या फोनवर धाडला म्हणे. रुचिर दाखवायला तयार नव्हता, "नंतर बघा, चार्जिंग नाही" वगैरे चाललं होतं. गार्गीनं त्याच्या हातातून फोन ओढला आणि माझ्यासमोर धरला.

अरे देवा! चंदू, तो माझा मळा आहे? मी तीन वेळा विचारलं, हा चुकून दुसऱ्या कुणाचा फोटो नाही ना? अंगण कुठे गेलं? तुझ्या वहिनीनं लावलेली अबोली कुठे आहे? विहिरीचा कठडासुद्धा दिसत नाही, नुसतं कुडं आणि घाणेरी, माणसाच्या डोक्यावर. पडवीचा एक वासा लोंबतोय. मी तिथून निघालो त्या दिवशी पायरी झाडून कुलूप लावलं होतं रे. दोन वर्षांत एवढं? गार्गी म्हणाली, "आजोबा, सो नाइस, लाइक जंगल लाह." पोरगी नऊ वर्षांची, तिला काय बोलणार.

आणि तुझ्या भाताच्या कुणग्यांचा दुसरा फोटो. नांगरल्यासारखी जमीन उलथलीय. भाताचा चिखल झालाय नुसता. हे सगळं डुकरांनी केलं? मला वाटलं होतं तू नेहमीसारखा वाढवून सांगतोयस.

पण थांब. लगेच विरघळायचा नाही मी. त्या फोटोत पाणंदीजवळ आणि फणसाखाली पांढरा रंग दिलेले दगड दिसतायत. ते कसले? माझ्या जमिनीत असले दगड कधी नव्हते. चंदू, मी लांब आहे म्हणून बांध कोरायला घेतलायस का? खरं सांग. डुकरांच्या नावानं आत शिरायचं आणि हळूच हद्द सरकवायची, असला प्रकार असेल तर याद राख. रुचिरला विचारलं तर म्हणाला, "असतील जुने, बाबा." जुने? त्या मळ्यातला एकेक धोंडा मला नावानिशी ठाऊक आहे!

बरं. तुझ्या भाताकडे बघून माझ्या अटी कळवतो. अजून हो म्हटलेलं नाही, अटी फक्त कळवतोय. फणसाच्या दिशेनं गोळी झाडायची नाही. विहिरीजवळ हाकारे द्यायचे नाहीत, पोरं पडतील. माझ्या घराच्या पडवीत बसून कुणी विडी ओढायची नाही. राखणदाराला आधी नारळ, मग बंदूक. गाऱ्हाण्यात नाव माझं घ्यायचं, कारण जमीन माझी. पिल्लांना हात लावायचा नाही. आणि मालकाचा वाटा. तो मला इकडे पाठवता येणार नाही हे मलाही कळतं, इथल्या विमानतळावर माझ्यासकट जप्त होईल. तो स्मितानं माझ्या नावानं शिजवावा आणि वाडीत वाटावा.

दगडांचं आधी कळव. मग बघू.

गणपती दीड दिवसाचे झाले. विसर्जन बादलीत. बाराव्या मजल्यावरचं पाणी ते, देव तरी काय करणार. आरतीला रुचिर होता, पण लक्ष नव्हतं. त्याचं काहीतरी बिनसलंय. जुरोंग आयलंडवर कामाचा ताण आहे म्हणे. पहाटे कंपनीची बस नेते, फोन गेटवर ठेवून घेतात, दिवसभर माणसाचा पत्ता नाही. मी त्याला तुझ्याबद्दल बोलायला लागलो की उठून जातो.

पद्माकर

हौगांग
१९ सप्टेंबर २०१७

चंदू,

तुझं पत्र आलं. सगळ्या अटी मान्य, एकेक करून लिहिल्यास. पडवीत विडी नाही हेसुद्धा. पण दगडांबद्दल एक ओळ नाही. का? मी सरळ प्रश्न विचारला होता, तू त्याच्यावरून गाडी न थांबवता नेलीस. असं का केलंस ते मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून हो म्हणवत नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळंच आहे. ऐकून तू चाट पडशील, मी अजून पडलेलोच आहे.

काल सकाळी फिरायला म्हणून गार्गीला घेऊन पुंगोलकडे गेलो होतो. तिला शाळेला कसलीतरी सुट्टी. तिकडे पाण्याच्या कडेनं छान फरसबंद वाट केलीय, सायकली जातात, म्हातारी माणसं हात फिरवत व्यायाम करतात. आम्ही दोघं बाकावर बसून केळं खात होतो. आणि झुडपातून फुस्स आवाज आला. चंदू, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. माझ्या हातातलं केळं पडलं. बघतो तर रानडुक्कर! खरंखुरं, काळंभोर, मानेवर ताठ केस, मागे पट्टेवाली चार-पाच पिल्लं. सिंगापुरात! जिथे रस्त्यावर थुंकलं तर दंड, तिथे भरदिवसा डुकरीण पोरांना घेऊन फिरायला आलीय!

आजूबाजूची माणसं काय करत होती? फोटो काढत होती. एक चिनी आजीबाई तिला पाव द्यायला निघाल्या. मी ओरडलो, "अहो बाई, मागे व्हा!" मराठीत. आणि मग काय झालं मला माहीत नाही, माझ्या पोटातूनच हाकारा निघाला. "हुर्ररर हाऽऽ, हुर्ररर हाऽऽ!" पन्नास वर्षांपूर्वी तू आणि मी डबे वाजवत रान उठवायचो, तसाच, त्याच सुरात. डुकरीण थबकली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पिल्लांना घेऊन झुडपात पसार झाली. सगळी माणसं डुकराला सोडून माझाच व्हिडिओ काढायला लागली. गार्गी माझी बाही ओढतेय, "आजोबा, डोन्ट शाउट लाह, लेटर पोलीस कम!"

नंतर गणवेशातले दोघं आले. कुणी घाबरलं नाही, कुणी धावपळ केली नाही. एकानं मला अदबीनं विचारलं, अंकल, तुम्हाला लागलं तर नाही? आणि तिथे पाटी ठोकून गेले, खायला घालू नका म्हणून.

मी घरी आलो तरी तेच डोक्यात होतं. आपल्याकडचं एकही माणूस तिथे नव्हतं, तरी ते जनावर माझ्या दोन हातांवर उभं राहिलं, आणि मला पहिलं आठवलं ते काय, तर माझ्या डाव्या बाजूला चंदू असायचा. आज नव्हता. मला हे लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

रात्रीच्या जेवणात मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, दसऱ्याला चंदूला परवानगी द्यावी म्हणतो. तर रुचिरच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! मला वाटलं, पोराला आपल्या माणसांची ओढ आहे. पाठोपाठ मी म्हणालो, "पण आधी त्या पांढऱ्या दगडांचा छडा लावणार." तो ताट घेऊन उठला. अनघा त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे बघेना.

तेव्हा दसऱ्यापर्यंत थांब. तेवढ्या अवधीत दगडांचं लिही. मी मोकळ्या मनानं हो म्हणावं असं मलाही वाटतं रे.

पद्माकरदादा

हौगांग
८ ऑक्टोबर २०१७

चंदू, बाळा,

स्मिताचा फोन आला होता. मी अजून त्याच खुर्चीत बसलोय. फोन ठेवून किती वेळ झाला कळत नाही.

तिनं आधी नमस्कार केला, मग ओक्साबोक्शी रडली, मग मला झापलं. आठ वर्षांत तिनं माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. "भावजी, तुमच्या बांधावर पाऊल टाकायचं नाही म्हणून हे आपल्या कुणग्याच्या कडेला बसले होते. पाणंदीच्या अलीकडे. मी म्हटलं पलीकडे माळा बांधा, उंचावर बसा, तिथे आईनाच्या फांद्या आहेत. म्हणाले, पलीकडे दादाची जमीन." आणि उजाडता उजाडता माझ्या मळ्यातून एकुलगा, कळप सोडलेला एकटा नर, बाहेर पडला आणि सरळ तुझ्या अंगावर.

मांडीत सुळा घुसला. हे ती बोलली तेव्हा मला ऐकूच आलं नाही. मी म्हणालो, "कुणाच्या?" ती किंचाळली, "कुणाच्या काय भावजी! तुमच्या भावाच्या!"

रत्नागिरीला नेलं, रक्त चढवलं, पाय वाचला असं म्हणाली. परत परत विचारलं मी, पाय वाचला ना? वाचला. पण काठी लागेल, कदाचित कायमची. आणि उरलेलं भात? तेही गेलं, म्हणाली. कापायला काही ठेवलंच नाही.

दसरा होऊन आठ दिवस गेले होते चंदू. मी दसऱ्याला लिहिलंच नाही. तुझं दगडांचं उत्तर आलं नव्हतं म्हणून अडून बसलो होतो. एका पांढऱ्या धोंड्यावरून! अरे, मी काय केलं हे? माझं डोकं चालत नाही. तू आत शिरला असतास तर मला इथे बसून कळणार तरी होतं का? एक हाकारा मारायला, एक माळा बांधायला तू माझी वाट बघत बसलास? कसला माणूस आहेस तू!

हो. हो, हो, हो. परवानगी दिली. अटी सगळ्या रद्द. फणसाकडे गोळी झाड, विहिरीकडे झाड, पडवीत बसून जन्मभर विड्या ओढा. दगड तूच घातले असशील तर घातले, घे चार हात जमीन, मेल्यावर मी ती कुठे नेणार आहे? मालकाचा वाटासुद्धा नको.

हे पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील. तेवढं थांबवत नाही. उद्या सोमवार, मी स्वतः वनखात्याच्या ऑफिसात फोन लावणार आणि सांगणार, जागामालक पद्माकर बोलतोय, माझी संमती लिहून घ्या. तुझ्या परवान्याला माझ्यामुळे एक दिवस उशीर नको.

पाय हलवू नकोस. स्मिताचं ऐक.

तुझा दादा

हौगांग
१० ऑक्टोबर २०१७

चंदू,

तुला सगळं ठाऊक होतं.

काल काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मला वेड लागेल. दुपारी आमच्या इमारतीखाली दगडी टेबलं आहेत, तिथे जाऊन बसलो. घरात अनघाचं ऑफिसचं काम चालू होतं. फोन लावला, वनरक्षक मिळाला, भला माणूस. मी माझा डेपोतला आवाज काढला. जागामालक बोलतोय, सिंगापूरहून. सड्याखालच्या मळ्यात चंद्रशेखर यांना शिकारीची परवानगी देतोय, ताबडतोब परवाना काढा.

तो म्हणाला, "काका, परवाना जुलैतच दिलाय की."

मी म्हटलं, मालकाच्या संमतीशिवाय कसा दिलात? मला राग आला होता, तुला सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला रागच आला. तो म्हणाला, "संमती आहे ना. मालक पुण्याचे आहेत, रवींद्र म्हणून. गेल्या वर्षी मळा, घर, विहीर सगळं घेतलं त्यांनी. मोजणी झाली, दगड घातले. तुम्ही कोण म्हणालात?"

चंदू, मी कोण म्हणालो? मला आठवेना. समोरच्या टेबलावर दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते, त्यांचे आवाज येत होते आणि मी फोन कानाला लावून बसलो होतो. तो हॅलो हॅलो करत होता. मी म्हटलं, "मी त्या चंद्रशेखरचा भाऊ."

मग तो म्हणाला, "बरं झालं फोन केलात. तुमचा भाऊ अजब माणूस आहे. परवाना घेऊन गेला आणि जागेवरच बसून राहिला. मी विचारलं, रान कधी उठवताय? म्हणाला, मालकाचा होकार यायचाय. म्हटलं, अहो, मालकाचा होकार कागदाला जोडलाय. तर म्हणाला, तो नव्हे. दुसरा."

मी फोन बंद केला. तिथून उठलो आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, कंपनीची बस जिथे रुचिरला सोडते तिथे. तास-दोन तास उभा होतो. सगळा जन्म मी गाड्यांची वाट बघितलीय, पण अशी नाही. बस आली, तो उतरला, गळ्यात पासची पट्टी तशीच. माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं.

"बाबा, वर चला ना."

"इथेच बोल."

तो बोलला. इथे घर घ्यायला हात तोकडा पडत होता. तुम्ही परत जाऊन एकटे राहणार नव्हतातच ना बाबा. सांगणार होतो, रोज सांगणार होतो, पण तुम्ही रोज मळ्याचंच बोलायचात. चंदूकाकांना फोन करून हात जोडले, बाबांना सांगू नका, त्यांना सोसणार नाही म्हणून.

मी त्याच्या अंगावर ओरडलो नाही. इकडे यायच्या आधी राजापूरच्या रजिस्ट्रारकडे कुलमुखत्यारपत्रावर सही मीच केली होती. वाचलं नाही, कारण तीनची गाडी चुकली असती. तो म्हणाला होता, बाबा, घरपट्टी वगैरे मला बघता येईल. मी घड्याळाकडे बघत सही ठोकली.

म्हणजे मी ज्या खोलीत बसून तुला नाही लिहिलं, ती खोलीच त्या मळ्याची आहे. ज्या टेबलावर अटी लिहिल्या तेही त्यातलंच असेल. मी तुला बांधकोऱ्या म्हटलं! आणि तू ते वाचून घडी घालून ठेवून दिलंस, आणि उलट टपालानं लिहिलंस, पडवीत विडी नाही, मान्य.

अरे, तुझ्या हातात परवाना होता. खऱ्या मालकाचा होकार होता. डोळ्यांदेखत भात जात होतं. चार पावलं टाकायची होती. आणि तू मला विचारत बसलास, ज्याचं तिथे आता काही नाही त्या माणसाला, कारण आठ वर्षांपूर्वी मी तुला राखणदारापुढे उभा केला होता!

गार्गी मघाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, व्हाय यू क्राइंग?" मी तिला सांगितलं, माझ्या भावाला डुकरानं मारलं. ते काही खोटं नव्हतं.

दादा

हौगांग
१४ ऑक्टोबर २०१७

चि. चंद्रशेखर यास सप्रेम नमस्कार,

सप्रेम लिहिलंय, बघितलंस ना.

काल रुचिर येऊन माझ्या पायाशी बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, माझंच पोर आहे. पण माफ केलं असं म्हणालो नाही, कारण अजून केलेलं नाही. होईल तेव्हा होईल. एवढंच सांगितलं, माझं तिकीट काढ. त्यानं विचारलं, परतीचं कधीचं? मी म्हटलं, ते तिकडे गेल्यावर बघू.

आता कामाचं. माझ्या होकाराला सरकारदरबारी कवडीची किंमत नाही. त्या पुण्याच्या गृहस्थाला मी कोण ते ठाऊकही नसेल. पण तुझा शब्द सातबाऱ्याला दिलेला नव्हता, मला दिलेला होता, तेव्हा त्यातून मोकळं मलाच करावं लागणार. म्हणून लिहितो: मी, पद्माकर, तुला सड्याखालच्या मळ्यात शिरायला, रान उठवायला, पिंजरा लावायला आणि डुकरं मारायला परवानगी देतो. हे पत्र स्मिताकडून राखणदारापुढे वाचून घे आणि नारळ ठेव. गाऱ्हाणं तिथे कुणी घालायचं, नाव कुणाचं घ्यायचं, ते तू ठरव. माझं घेतलंस तर मी तिकडून 'होय म्हाराजा' म्हणेन. नाही घेतलंस तरी म्हणेन.

पाय बरा होईपर्यंत तू मात्र जायचं नाहीस. पोरांना पाठव. हाकाऱ्याला डाव्या बाजूला माणूस कमी पडलं तर मी आहे. माझा आवाज अजून चांगला आहे, पुंगोलमध्ये तपासून झालाय.

आणि एक विचारायचं आहे. चार दिवस तेच कसं लिहू या विचारात गेले.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी राजापूरला उतरेन. तिथून वाडीची शेवटची एसटी मिळते, ती अजून वेळेवर सुटत असेल तर. खाली उतरलो की उजवीकडे माझं घर होतं, तिकडे आता मला जाता येणार नाही, कुलूप दुसऱ्याचं आहे. डावीकडे तुझं अंगण. तिथे पाऊल टाकायचं तर मालकाला विचारलं पाहिजे, आणि विचारल्याशिवाय टाकायचं नाही हा नियम मीच केलेला आहे.

तर विचारतो. येऊ का रे?

नाही म्हणालास तरी तुझी चूक नाही. मी पाणंदीच्या अलीकडे, बांधाबाहेर उभा राहून उत्तराची वाट बघेन. तू किती वाट बघितलीस ते मला आता ठाऊक आहे.

तुझा
पद्माकरदादा